इशापूर, १९४३

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. घर विकून लेकीकडे जायचं ठरलं होतं, आणि साठ वर्षांचा संसार गॅरेजमध्ये मांडून ती एकेक वस्तू निकालात काढत होती. पेनसिल्व्हेनियातला हिवाळा म्हणजे दारातला बर्फ रोजचा, आणि तिच्या दारातला मी काढून द्यायचो. त्या ओळखीवर तिने एके दिवशी मला हाक मारली.

"तू इंडियातला ना? मग हे इशापूर कुठं आलं सांग मला."

फावड्याच्या शेजारी भिंतीला एक बंदूक टेकवून ठेवलेली होती. दस्ता जिथे नळीच्या भागाला जोडतात तिथल्या लोखंडी कड्यावर आधी मुकुट, त्याखाली जी. आर. आय., त्याखाली इंग्रजीत इशापूर आणि त्याखाली १९४३. मी वाकून वाचलं आणि उभाच राहिलो. तिचा नवरा जन्मभर समजून होता की हे इंग्लंडातलं कुठलंतरी गाव असणार. मी म्हणालो, कोलकात्याच्या थोडं उत्तरेला, हुगळीच्या काठावर. म्हातारी खुर्चीत मागे टेकली. "अरे देवा. हे त्याला सांगायला हवं होतं."

जी. आर. आय. म्हणजे जॉर्जियस रेक्स इंपेरेटर, अर्थात जॉर्ज, राजा आणि सम्राट. इंग्लंडात बनलेल्या बंदुकांवर नुसतं जी. आर. असतं. सम्राटाचा तो आय हिंदुस्थानामुळे आलेला, आणि तो हिंदुस्थानात बनलेल्या बंदुकांवर उमटायचा.

बंदूक थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ इंची गोळीची. कागदोपत्री नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, नंबर वन मार्क थ्री स्टार. पण हे लांबलचक नाव आपल्याकडे कोणाच्या तोंडी नाही. पोलिस, होमगार्ड, एनसीसीची पोरं, सगळ्यांची ती थ्री नॉट थ्री. मी साताऱ्यात कॉलेजात होतो तेव्हा एनसीसीच्या परेडला हीच खांद्यावर असायची. आमच्या बंदुकांवर डी. पी. असा शिक्का होता, म्हणजे फक्त कवायतीसाठी. गोळी बसते त्या जागी भोक पाडलेलं. झाडायच्या गोळ्या पॉइंट टू टू मधून, वजन मात्र हिचं, जवळपास चार किलो. रविवारी सकाळी दोन तास 'बाजू शस्त्र' करून झालं की उजव्या खांद्याला चहाचा कप उचलवत नसे. परेड संपल्यावर कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बसून फुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून नळी साफ करायची. ज्या नळीतून कधी गोळी जाणारच नाही ती इतकी घासून काय मिळतं, असं मी एकदा उस्तादांना विचारलं होतं. उत्तरादाखल मैदानाला दोन फेऱ्या मिळाल्या.

म्हणून गॅरेजमधली ती बंदूक हातात घेतली तेव्हा हाताने आधी ओळखलं, आणि मग हातालाच चुकल्यासारखं वाटलं. ती पुढून हलकी होती. थ्री नॉट थ्रीचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि टोकाला लोखंडी टोपी असते. त्या टोपीवर संगीन बसते, तिचे दोन कान माशीला, म्हणजे नेम धरायच्या टोकाला, जपतात. दुरून ओळखू येते ती त्या बोथट नाकावरून. हिचं नाकच नव्हतं. पुढचं फूटभर लाकूड कापून टाकलेलं, वरचं झाकण गेलेलं, आणि नळी बापडी उघडी बाहेर आलेली. कापलेल्या टोकाला कानशीने थोडी गोलाई दिली होती. ती एका बाजूला जास्त उतरली होती.

"हे कोणी केलं?"

"त्यानेच. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लोण्यात भुसा पडला म्हणून मी भांडले होते."

तिच्या नवऱ्याने ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला टपालाने मागवली होती, वीसेक डॉलरांत. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा अमेरिकेत मासिकातलं कुपन कापून पाठवलं की जगभरच्या सैन्यांनी टाकून दिलेल्या बंदुका पोस्टाने घरी यायच्या. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून अशीच एक इटालियन बंदूक दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला मागवली गेली, टपालखर्च दीड डॉलर वेगळा. आठ महिन्यांनी तिच्यातून केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाचा हा धंदा बंद झाला आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयातही बरीच वर्षं थांबली.

पण त्याआधीच्या त्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्या बंदुकांचं लोकांनी काय केलं? बहुतेकांनी हेच केलं. गिरणीकामगार, शेतकरी, नुकताच संसार मांडलेला माणूस. नवी शिकारीची बंदूक परवडत नाही, पण हरणाच्या हंगामात फ्रीझर भरायचा आहे. वीस डॉलरची लष्करी बंदूक घ्यायची, जंगलात मिरवायला नको असलेलं लाकूड कापायचं, पट्टा लावायचा, झाली शिकारीची बंदूक. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी हेच काम नीटस करून विकायची, लोक ते घरी करवतीने करायचे. त्याला इथे स्पोर्टर करणं म्हणतात. आजचे संग्राहक अशी बंदूक पाहिली की कपाळाला हात लावतात आणि ज्याने ती कापली त्याला 'बब्बा' म्हणतात. बब्बा म्हणजे आपल्या भाषेत हातात करवत आली म्हणून कापत सुटलेला अडाणी.

मीही मनात तेच म्हणालो. शंभर डॉलर देऊन ती घरी आणली आणि त्याच रात्री ठरवलं, हिला पुन्हा होती तशी करायची.

बायकोने कपाट आधी आणायला लावलं. कुलूप, त्यात बंदूक, आणि गोळी आत सारणारा बोल्ट वेगळ्या खोलीत. ते तिने सांगितलं नसतं तरी मी केलं असतं. या देशात बंदुकीची बातमी आल्याशिवाय आठवडा जात नाही, आणि घरात शाळेत जाणारी मुलगी आहे. आईने फोनवर एकच विचारलं, "कशाला रे?" तिला मी सांगितलं की ही आपल्याकडची आहे. ती म्हणाली, "आपल्याकडची म्हणजे कोणाची?"

हा प्रश्न मी तेव्हा टाळला.

माझी बाजू पक्की होती. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या त्या काळातलं हेच हत्यार. साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी या गावात त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, कॉलेजातून आम्ही तिथे गेलो होतो. माझे मामा पोलिसात होते. खंडेनवमीला त्यांच्या ठाण्यात थ्री नॉट थ्री ओळीने मांडून, झेंडूचे हार घालून, हळदीकुंकू वाहिलेल्या मी लहानपणी पाहिल्यात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात होती ती हीच, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या घडणीची. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. एवढा मोठा प्रवास, आणि एका माणसाने लोण्याच्या शेजारी ठेवून तिचं नाक कापावं?

तर मी लाकूड शोधायला लागलो. महिनाभराने एका विक्रेत्याकडे जुनं, न वापरलेलं पुढचं लाकूड मिळालं. टोपी दुसरीकडून, वरचं झाकण तिसरीकडून. मूळ बंदुकीला दिले त्याच्या तिप्पट पैसे गेले. हे बायकोला अजून नेमकं माहीत नाही.

आता या बंदुकीची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. थ्री नॉट थ्रीचं लाकूड म्हणजे चष्म्याचं घर नव्हे की काढलं आणि दुसरं घातलं. गोळी सुटली की नळीचा सगळा धक्का लाकडाच्या मागच्या टोकाच्या दोन लहानशा गालांवर येतो. ते गाल लोखंडाला दोन्हीकडे सारखे टेकले पाहिजेत. एक गाल केसभर आधी टेकला तर नेम भरकटतो, आणि लाकूड पुढेमागे चिरतं. म्हणून प्रत्येक लाकूड त्या त्या बंदुकीला हाताने बसवावं लागतं. लोखंडाला काळं लावायचं, लाकूड दाबायचं, काढायचं. जिथे काळं लागलं तिथे उंचवटा आहे, तेवढाच पटाशीने खरवडायचा. पुन्हा काळं, पुन्हा दाबायचं. आणि काढतानाचा नियम कधी मोडायचा नाही: दस्त्याचा बोल्ट सैल करण्याआधी पुढचं लाकूड काढायचं. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. आधी तो फिरवला की लाकूड फुटलंच.

काळं म्हणून मी देवघरातल्या निरांजनाची काजळी वापरली. तुपाच्या वातीवर वाटी धरून. ती उत्तम लागते.

तीन शनिवार ते चाललं. काजळी, दाब, काढ, खरवड. आणि तिसऱ्या शनिवारी लक्षात आलं की मी जे लाकूड बसवतोय त्याचं या लोखंडाशी नातं मी तयार करतोय. ते लाकूड १९४३ साली इशापुरात नव्हतं. टोपीवरचा नंबर दुसऱ्याच बंदुकीचा. संग्राहक आधी नंबर बघतात: बोल्टवरचा, नळीवरचा, टोपीवरचा, लाकडावरचा. सगळे एक असले तर किंमत. काही लोक जुने नंबर घासून नवे ठोकतात, त्या बनवाबनवीला वेगळं नाव आहे. मी नंबर ठोकणार नव्हतो, पण दिसायला मी तेच करत होतो. टेबलाच्या उजव्या बाजूला कापलेलं जुनं लाकूड पडलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला इशापूरच्या कोणा सुताराच्या पटाशीच्या खुणा होत्या, दोन गाल तेलाने काळे आणि घासून गुळगुळीत. हे लाकूड या लोखंडाला तिथल्या माणसाने बसवलं होतं. त्याने काळं कशाचं लावलं असेल कोण जाणे. बब्बाने पुढून कापलं, पण बसवलेल्या जागेला हात लावला नव्हता.

म्हणजे जपायची म्हणून मी जी गोष्ट काढून टाकत होतो तीच काय ती मूळची होती.

आमच्या गावात मारुतीचं देऊळ होतं. लाकडी खांब, कौलारू मंडप, खांबांवर पोपट कोरलेले. गावाने वर्गणी काढून जीर्णोद्धार केला. आता स्लॅब आहे, बाथरूमच्या टाइल्स आहेत, देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक आहे. पोपट कोणाच्या तरी गोठ्यात गेले. जीर्णोद्धार या शब्दाचा मी तेव्हापासून धसका घेतलेला. पण उलटही घडतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर साठलेला शेंदराचा थर २०२२ मध्ये उतरवला आणि आतलं रूप समोर आलं, ते फोटो पाहून माझ्या आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. आणि माझी एक मावशी रुसून बसली होती की तिची देवी ही नव्हे, तिची ती शेंदराचीच. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. फक्त मावशीची देवी आता पुन्हा दिसणार नव्हती.

बरं, 'होती तशी' म्हणजे कधीची? सैन्याने स्वतः या बंदुकीला किती वेळा कापलंय. माझ्या बंदुकीच्या नावातला 'स्टार' हाच मुळी कापाकापीचा शिक्का आहे. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर बंदुका पुरेनात, म्हणून मॅगझिन बंद ठेवायची पट्टी काढली, लांब पल्ल्यासाठीची बाजूची माशी काढली, दस्त्यावरचा पितळी बिल्ला काढला, आणि उरलं ते स्टार. संगिनीला आधी आकडा होता, तो अडकतो म्हणून सैन्यानेच बंद केला, असलेल्यांचे कापले. आज आकडेवाली संगीन मिळाली तर संग्राहक नाचतात. इशापूरनेच या घडणीच्या काही बंदुका .४१० च्या छर्ऱ्याच्या करून पहारेकऱ्यांना दिल्या, हेतू उघड होता: एतद्देशीयाच्या हातातली बंदूक फार लांब मारू नये आणि चोरीला गेली तर सैन्याची गोळी तिला कामी येऊ नये. १९६२ नंतर हीच घडण ७.६२ ची गोळी घालून पुन्हा निघाली. आणि आपल्याकडे थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला ठेवता येत नाही, म्हणून त्याच घडणीची .३१५ ची शिकारी बंदूक सरकारी कारखान्याने विकली. तो सरकारी बब्बाच की.

आणि १९४३.

हे साल मी कड्यावर रोज वाचत होतो आणि नुसतं साल म्हणून वाचत होतो. एका रात्री ते एकदम कळलं. इशापूर बंगालात आहे. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल. ब्रह्मदेश पडल्यावर तिकडचा तांदूळ बंद झालेला, आदल्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ झालेलं, जपानी येतील म्हणून सरकारने किनाऱ्याच्या होड्या काढून घेतलेल्या, भाताचा भाव मजुराच्या हाताबाहेर गेलेला. खेड्यांतली माणसं चालत कोलकात्याला आली आणि दारोदार भात नव्हे, भाताची पेज मागत फिरली. वीस ते तीस लाख माणसं त्यात गेली असं मानतात. युद्धाच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पोटाची सोय सरकारने केली होती. म्हणजे ज्याने माझ्या बंदुकीचं लाकूड बसवलं तो बहुधा जेवत होता, आणि फाटकाबाहेर न जेवलेली माणसं होती. बंदुका वेळेवर निघत होत्या.

मला हिला नेमकं त्या सालात परत न्यायचं होतं.

म्हातारी जायच्या आधी मी तिला भेटलो तेव्हा दुष्काळाचं काही बोललो नाही. नवरा शिकारीचा कसा होता एवढंच विचारलं. ती म्हणाली, यथातथाच. पण ज्या वर्षी पोलादाच्या गिरणीत संप होता त्या हिवाळ्यात पोरांनी या बंदुकीचं मांस खाल्लं. तेव्हा इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणाचा हंगाम उघडायचा आणि शाळांना सुटी असायची. आता तो शनिवारी उघडतो. "त्या सोमवारी," ती म्हणाली, "गावात पुरुष दिसायचा नाही. फार छान दिवस असायचा."

तर निर्णय झाला, पण तो असा एका रात्रीत झाला असं म्हटलं तर खोटं होईल. नवं लाकूड बसवलेली बंदूक मी एक आठवडा पाहिली. देखणी दिसत होती. एनसीसीच्या कोतातली वाटत होती. मुलीने विचारलं, "ही तुझ्या कॉलेजातली का?" आणि मी जवळजवळ हो म्हणालो. त्या 'जवळजवळ'नेच काम केलं. दुसऱ्या दिवशी पुढचं लाकूड काढलं, नियमाप्रमाणे दस्त्याला हात न लावता, आणि करवतीने कापलेलं जुनं परत चढवलं. ते कसलीही कटकट न करता जागेवर बसलं.

शेजारच्या शिकारी मित्राला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, कापलीच आहे तर पुरती कापा. नळी आखूड करा, वर भोकं पाडून दुर्बीण बसवा, दस्ता काळ्या प्लास्टिकचा घाला, निदान कामाची तरी होईल. तो चुकीचं बोलत नव्हता. पण भोक बुजवता येत नाही आणि कापलेली नळी वाढत नाही. मी म्हणालो, ज्याला गरज होती त्याने हवं तेवढं कापलंय, मला गरज नाही. तो हसला. "मग तू बंदूक ठेवलीस कशाला?" आईने विचारलेलाच प्रश्न, फक्त इंग्रजीत.

गेल्या नोव्हेंबरात म्हातारीच्या नातवाचा फोन आला. आजोबांची बंदूक अजून तुमच्याकडे आहे का, एक हंगाम वापरू द्याल का. मी ती आधी कारागिराकडून तपासून घेतली. गोळी बसायची जागा ठीक निघाली, नळीत थोडा गंज पण आतल्या पिळाच्या रेघा शाबूत. काडतुसांचा डबा मी आणला, मऊ टोकाच्या गोळ्यांचा. सैन्यासाठी अशी पसरणारी .३०३ ची गोळी बनली होती कोलकात्याजवळच, डमडमला. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत ती युद्धात वापरायला बंदी झाली. शिकारीत मात्र अशीच वापरतात, जनावर तडफडत राहू नये म्हणून. पोरगा विशीचा, त्याला हे सांगत बसलो तर त्याने दोनदा घड्याळ पाहिलं.

रविवारी संध्याकाळी त्याने ती परत आणून दिली. हरीण मिळालं नव्हतं, दिवसभर पाऊस मिळाला होता.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ती खोलली. नळीला चिंदी मारली, आधी तेलाची, मग कोरडी, मग पुन्हा तेलाची. पुढचं लाकूड सोडवलं. आत पाणी होतं. करवतीने कापलेलं टोक साठ वर्षं कोरडंच राहिलेलं होतं. कापल्यावर बब्बाने सगळ्या लाकडाला पॉलिश केलं होतं, फक्त त्या तोंडाला करायचं विसरला होता. रेषा उघड्या, पाणी पिऊन फुगलेल्या. दोन दिवस ते शेगडीपासून लांब सुकू दिलं. मग जवसाचं तेल घेऊन बसलो. बोटाने त्या तोंडाला लावत होतो, एक हात जिरला की दुसरा. लाकूड पीत होतं.

व्हिडिओवर आई होती. कॅमेरा टेबलाकडे.

"काय चोळतोयस?"

"बंदुकीचं लाकूड. जवसाचं तेल लावतोय."

"जवसाचं? लाकडाला?" आई जरा थांबली. "मागच्या वेळी पाठवलेली चटणी संपली का रे तुझी?"